नावाचे वेगळे पडतील

प्रेमकथा दोनशे. कौटुंबिक अडीचशे. रहस्यकथा तीनशे, कारण तिला डोकं लागतं. शेवटी कुणी मरत असेल तर पन्नास जास्त.

हे दरपत्रक मी बुटांच्या खोक्याच्या झाकणावर मार्करने लिहिलं होतं. उल्हासनगरात मोतीशेठच्या झेरॉक्सच्या दुकानात, 'लग्नपत्रिका छापून मिळतील' या पाटीखाली, ते दोन वर्षं लटकत होतं. अक्षरांना मी लाल रंगाची सावलीसुद्धा काढली होती. आता ते आठवलं की त्या बाईला, म्हणजे मलाच, समोर बसवून दोन धपाटे घालावेसे वाटतात. मग दया येते आणि चहा टाकावासा वाटतो.

ती बाई काही पोरसवदा नव्हती. चांगली अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी होती. अंबरनाथच्या एका कंपनीत बावीस वर्षं टायपिंग करून विठ्ठलवाडीला घरी बसली होती. त्या सुमाराला आमच्याकडचे कारखाने एकेक करून बंद पडत होते आणि आम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती आमची. तिच्या चार-पाच कथा मासिकांत छापून आल्या होत्या. मानधन म्हणून अंकाची एक प्रत मिळायची, तीही दोन पत्रं टाकल्यावर. तेव्हा बाईंनी ठरवलं की आता फुकट लिहायचं नाही. गिऱ्हाईक मागेल ती गोष्ट लिहायची आणि रोख पैसे घ्यायचे.

नात मला विचारते, "आजी, ऑर्डर देऊन गोष्ट कोण लिहून घेतं गं?" अगं, खूप जण. गणेश मंडळांना देखाव्यासाठी गोष्ट लागते. शाळेत कथाकथनाची स्पर्धा असली की आया धावत येतात. वाचनालयाच्या दिवाळी अंकाला जाहिरातींच्या मध्ये घालायला काहीतरी हवं असतं. एका लोणचेवालीने तर बरणीच्या लेबलावर मावेल एवढी सासू-सुनेची गोष्ट मागितली होती. लग्नाचे बायोडाटाही असायचे. कल्पनाशक्ती सगळ्यात जास्त त्यांनाच लागते, पण ते काम मोतीशेठ स्वतःकडे ठेवायचा.

लिहिणं मला जमत होतं. किती मागायचे, हे अजिबात जमत नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक अंबरनाथचं एक गणेश मंडळ. आम्ही जयभीमवाले, आमच्या घरी गणपती बसत नाही. पण व्यसनमुक्तीवर हलत्या पुतळ्यांचा देखावा होता आणि त्याची गोष्ट लिहून हवी होती. आमच्या चौदा एप्रिलच्या नाटकाला मी आयुष्यात भाव लावला नाही. लावला असता तर आईने घरात घेतलं नसतं. पण हे तर बाहेरचं काम. अध्यक्षांनी विचारलं, "ताई, किती घेणार?" बाई पदर सावरून म्हणाल्या, "द्या हो काय द्यायचं ते."

त्यांनी शाल दिली, नारळ दिला आणि मंडळाचं नाव कोरलेला स्टीलचा डबा दिला. डब्यात अजून माझी तूरडाळ आहे. गोष्ट अशी होती की शेवटी नायक बाटली फेकतो आणि मुलाला उचलून घेतो. पहिल्याच दिवशी पुतळ्याची मोटर अडकली. दहा दिवस लाउडस्पीकरवर "त्याने बाटली भिरकावून दिली" असं वाजत होतं आणि नायक मुलाकडे बघत बाटली तोंडाला लावत होता. लोक म्हणाले, यंदाचा देखावा अगदी खराखुरा आहे.

मग मी पानावर भाव लावला. बदलापूरच्या एका वाचनालयाच्या दिवाळी अंकाचे संपादक निवृत्त पोस्टमास्तर होते. ते पट्टी घेऊन बसले. म्हणाले, "ताई, ही सगळी संवादांची पानं आहेत. ओळ अर्धीच भरते. यांचे अर्धे पैसे." पुढच्या कथेत माझी सगळी पात्रं मुकी झाली. मग मी शब्दावर भाव लावला. तेव्हापासून माझा नायक नुसता येईना. तो हळूहळू, अगदी हळूहळू, पाऊल न वाजवता, चोरपावलांनी येऊ लागला. संपादकांनी कंटाळून लिहिलं, "आपला नायक आमच्या अंकात शिमग्यापर्यंत पोचेल असे दिसते."

त्यानंतर हे खोक्यावरचं दरपत्रक आलं, मरणाच्या जादा पन्नास रुपयांसह. कथाकथनाची गोष्ट न्यायला एक आई आली होती. हिशोबाची पक्की.

"यातली आजी मेली नाही, नुसती आजारी राहिली, तर पन्नास कमी होतील ना?"

"होतील."

"मग आजारीच ठेवा. आणि बरी झाली तर अजून कमी होतील?"

मी त्या आजीला ठणठणीत बरी करून दिली. मुलीचा दुसरा नंबर आला. पहिला आला त्या मुलाच्या गोष्टीत तीन माणसं मेली होती.

मोतीशेठ हे सगळं गल्ल्यावरून बघायचा. तो सिंधी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. मला 'अदी' म्हणायचा, म्हणजे ताई. एक दिवस म्हणाला, "अदी, तू कपड़ा बेचती है क्या, मीटर से? पहले पूछने का, किसके लिए चाहिए. सुनने का. भाव उसके बाद अपने आप निकलता है."

"आणि नाही निकला तर?"

"तो चाय पिला के भेज देने का."

मला ते पटलं. म्हणजे पटलं असं मला वाटलं. पुढे रामभाऊ आले तेव्हा कळलं की अर्धंच पटलं होतं.

त्यांना रामभाऊ म्हणू. खरं नाव सांगणार नाही, तो आमच्या सौद्याचा भाग होता. सोनिवलीकडचे. बदलापुरात एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. पन्नाशी उलटलेली, हातांवर पांढरे डाग. एक कागदसुद्धा झेरॉक्स न करता दहा मिनिटं माझं दरपत्रक वाचत उभे होते.

"ताय, गोष्ट पायजे. छापलेली."

"छापायचं काम मोतीशेठचं. मी लिहून देते. कशासाठी हवीय?"

ते इकडेतिकडे बघू लागले. मोतीशेठला काय कळलं कोण जाणे, त्याने उगाचच मशीन सुरू केलं आणि कोरे कागद खडखड काढत बसला. त्या आवाजाच्या आडोशाने रामभाऊ बोलले.

त्यांची बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी वैशाली सहा वर्षांची होती. जेवताना घास उतरेना, म्हणून हे तिला गोष्ट सांगायचे, रोज थोडी. रामभाऊ लहानपणी खाडीकाठी राहायचे, वडील मिठागरात कामाला. त्या मिठागराचीच गोष्ट. पोरीने एकदा विचारलं, बाबा, हे तुम्ही कुठून आणता? हे म्हणाले, मी लिवतो, पुस्तक येणार हाय. पोरीने ते धरून ठेवलं. सहाची तेवीस झाली, पतपेढीत नोकरीला लागली, तरी मैत्रिणींना सांगायची, आमचे बाबा लिहितात.

"आणि आता?"

"आता तिचं जमलं. पोरगा चांगला हाय. त्याचा बाप मराठीचा मास्तर होता. मांजर्लीला राहतात. घरात कपाटं भरून पुस्तकं. आमी बघायला गेलो तर पोर बोलली, आमचे बाबा पण लेखक हायेत." रामभाऊ थांबले. "मास्तर उठून उभे राहिले, ताय. माझ्यासाठी कोण उठून उभा राहत नाय. बोलले, मला वाचायला द्या. मी बोललो, दिवाळीत छापून येतेय."

"अहो, मग पोरीला खरं सांगून टाका ना."

"ते ती सहाची होती तवा सांगायला पायजे होतं."

"एवढ्यासाठी लग्न मोडणार आहे का?"

"नाय मोडणार. मास्तर देवमाणूस हाय. पण पोर त्या घरात जन्मभर खोटी पडेल. मी खोटा ठरलो तर चालेल. ती खोटी बोललेली नाय."

बघा, इतकं सगळं त्या माणसाने मन उघडं करून सांगितलं. कुणासाठी हवीय, का हवीय, सगळं माझ्या समोर होतं. आणि मग त्या बाईने काय विचारावं?

"नाव कुणाचं घालायचं?"

"माझं."

बाईंना राग आला. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या सहीची पत्रं टाइप केली, आता कथासुद्धा दुसऱ्याच्या नावाने लिहू? सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून तिने ठरवलं की असा आकडा सांगायचा, की हा माणूस स्वतःच निघून जाईल.

"गोष्टीचे चारशे होतील. नावाचे वेगळे पडतील."

"किती?"

"हजार."

त्या बाईच्या नावावर तोवर कुणी कटिंग चहासुद्धा पाजला नव्हता. आणि म्हणे हजार!

रामभाऊंनी खाली बघितलं. तेव्हा त्यांच्या पगारात हजार रुपये म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. ते म्हणाले, "बरं. गोष्टीचे आता देतो. नावाचे छापून आल्यावर चालतील?"

नव्याने धंद्यात पडणाऱ्यांना सांगते, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला कधी घाबरू नका. जो न कुरकुरता हो म्हणतो, त्याला घाबरा. तो गेल्यावर आपणच आपला आकडा पुन्हा पुन्हा मोजत बसतो.

मशीन बंद झालं. मोतीशेठ म्हणाला, "अदी, मैंने बोला था सुन के भाव निकाल. तूने सुना, और फिर भी हज़ार बोली?"

"तुम्हीच म्हणता, स्वस्तात द्यायचं नाही."

"भाव निकालने को बोला था. खाल नहीं."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण आकडा काही कमी केला नाही. मान होता ना!

गोष्ट मात्र जीव ओतून लिहिली. रामभाऊंना दोनदा दुकानात बोलावून मिठागराचं सगळं विचारून घेतलं. वाफ्यात खारं पाणी घेतात, ते उन्हाने आटतं, मीठ धरतं, मग ते ओढून बांधावर रास करतात. पावसाळ्याआधी रास गवताने शाकारायची. एका वर्षी शाकारणी व्हायच्या आतच अवकाळी पाऊस आला आणि रामभाऊंच्या आईबापाच्या डोळ्यांदेखत रास बसत गेली. आईने घरातल्या गोधड्या, लुगडी, होतं ते सगळं नेऊन राशीवर टाकलं. काही उरलं नाही. एवढं ते बोलले. "पोरीला सांगताना मी नेहमी वाचवायचो ती रास," म्हणाले. "गोधड्या टाकल्या की मीठ वाचायचं."

मी मात्र वाचवली नाही. मला तर मरणाचे पन्नास जास्त घ्यायची सवय. शेवटचा परिच्छेद असा काही लिहिला होता, की आकाशाचे अश्रू, तिचे अश्रू आणि मातीत झिरपणारं मीठ यांची चव एकच झाली, वगैरे. अर्धं पान. तो परिच्छेद मी स्वतःला मोठ्याने वाचून दाखवला आणि स्वतःच रडले. आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, "काय गं, भाजी करपली का?"

पोस्टमास्तर संपादकांनी कथा घेतली. अंकाची जुळणी मोतीशेठच्याच कॉम्प्युटरवर व्हायची. छपाईआधी चुका तपासायला जो कच्चा कागद काढतात, त्याला प्रूफ म्हणतात. ते मी मागायला गेले, तर मोतीशेठ म्हणाला, "वो आया था, देख के गया. जिसका नाम, उसका प्रूफ."

धंद्याचा नियमच तो. नाव विकलं की प्रूफही गेलं, हे आकडा सांगताना बाईंच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हटलं, चार काने-मात्रे तपासले असतील बिचाऱ्याने. दिवाळीत अंक घरी आला. अनुक्रमणिकेत माझ्या कथेपुढे ते दुसरं नाव बघितलं आणि अंक कपाटात टाकला तो टाकलाच. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली कथा, आणि मी ती छापील वाचलीसुद्धा नाही.

दिवाळीनंतर साखरपुडा होता. रामभाऊ आमंत्रण द्यायला आले. "प्रेसवाल्या ताई म्हणून या." जाऊ नये, असं शहाणपण सांगत होतं. पण माझ्या कथेचं कौतुक ऐकायला मिळणार, मग ते दुसऱ्याच्या नावाने का होईना, या लोभाने गेले. खोटं कशाला बोलू? थोडी खोडीही मनात होती. एवढ्या लोकांत रामभाऊ लेखक म्हणून कसे मिरवतात, ते मला बघायचं होतं.

मांजर्लीला मास्तरांच्या बिल्डिंगखाली मांडव होता. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती, तिच्यावर झेंडूच्या माळा. रामभाऊ दारातच उभे होते. नवा शर्ट, घडीच्या खुणा तशाच. मला बघितल्याबरोबर बाजूला घेतलं आणि हातात पाकीट दिलं.

"नावाचे, ताय. उशीर झाला."

मी ते पर्समध्ये टाकलं. नको म्हणाले का? अजिबात नाही.

साखर भरवून झाली, अंगठ्या झाल्या. मग मास्तर उभे राहिले, हातात तोच दिवाळी अंक. "आमचे व्याही लेखक आहेत, हे माझं भाग्य," म्हणाले. "यांच्या कथेचा शेवट मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे." आणि ते वाचू लागले. आवाज काय सुंदर होता त्यांचा! पाऊस आला, गोधड्या आल्या, लुगडी आली, रास बसत गेली. मी माझ्या खुर्चीत ओठ हलवत होते. आता आकाशाचे अश्रू येणार, आता येणार.

आलेच नाहीत. मास्तरांनी वाचलं:

"दुसऱ्या दिवशी घरात चिमूटभर मीठ नव्हतं. आईने मला शेजारच्या गावच्या दुकानात पाठवलं. पावशेर आण म्हणाली. आपल्या गावच्या दुकानातून आणू नको, कुणीतरी बघेल."

एवढंच. कथा संपली.

मास्तरांच्या मिसेसनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या शेजारचा माणूस, आईस्क्रीमचा कप हातात धरून, नुसता बसून राहिला. आणि मी? मी लालबुंद झाले होते. कुणी हात लावला माझ्या कथेला! माझं अर्धं पान कुठे गेलं! एवढं फणफणून झाल्यावर ते वाक्य पुन्हा कानात आलं. मीठ पिकवणाऱ्याच्या बायकोला मीठ विकत आणायची लाज वाटते. बावीस वर्षं टाइप करून आणि शब्दाशब्दावर पैसे घेऊन मला ते सुचलं नव्हतं, जन्मात सुचलं नसतं.

मास्तर अंक मिटत म्हणाले, "रामभाऊ, एक विचारतो. हे शेवटचं तुम्हाला सुचलं कसं?"

सगळ्या माना रामभाऊंकडे वळल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या माणसाची खरी भीती वाटली. आता हा हात जोडेल आणि म्हणेल, माझं नाय हो, त्या ताईंचं हाय. शेजारी वैशाली हिरव्या साडीत बसली होती, तोंडभर हसू.

"सुचलं नाय, मास्तर," रामभाऊ म्हणाले. "मीच गेलो होतो आणायला."

मास्तर उभेच होते, तरी अजून ताठ झाले. वैशाली बापाकडे वळली. "बाबा, तुमच्या गोष्टीत तर मीठ वाचायचं. हे तुम्ही मला कधीच नाही सांगितलं."

"तू जेवत होतीस ना तवा," रामभाऊ म्हणाले.

तिने सगळ्यांसमोर बापाचा डागाळलेला हात धरला आणि सोडलाच नाही. फोटोवाला ओरडत होता, "ताई, नवरदेवाकडे बघा, नवरदेवाकडे!"

मी उठले. मोरीकडे जाऊन नळ सोडला, तोंड धुतलं. आहेर म्हणून मी एकशे एक रुपयांचं पाकीट आणलं होतं. ते तसंच राहू दिलं आणि रामभाऊंनी दिलेलं पाकीट बाहेर काढलं. वाटेत एकदा वाटलं, निदान निम्मे ठेवावे. खरंच वाटलं, लपवत नाही. बाकीची गोष्ट माझीच होती की! पण गोष्टीचे चारशे मला केव्हाच मिळाले होते. हे नावाचे होते, आणि ज्याचं नाव होतं, ते त्याने त्या प्रूफवर स्वतःच्या हाताने कमावलं होतं.

मांडवाच्या कोपऱ्यात रामभाऊंची बहीण आहेराची वही घेऊन बसली होती. तिने पाकीट उघडून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हजार? नाव काय लिवू, ताय?"

"नाव राहू द्या."

"असं कसं राहू द्या? उद्या तुमच्या घरी कार्य निघालं, तर आमी परत कुणाला करायचा?"

"परत नको करायला."

"नावाबगर वहीत घेता येत नाय," तिने पेन माझ्यावर रोखलं. "कायतरी सांगा. मागे लाइन लागलीय."

"बरं, लिहा," मी म्हटलं. "एक वाचक, विठ्ठलवाडी."

तिने डोळे बारीक करून मला वरून खालपर्यंत बघितलं. मग एकेक अक्षर जोडत तेवढंच लिहिलं आणि मला म्हणाली, "जेवून जा."